गोंड चित्रांच्या आधीचं गाणं

नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यात गोंड चित्रं हमखास दिसतात आणि 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून विकली जातात. कागद-कॅनव्हासवरचं हे चित्र खरं तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. जुनं आहे ते गाणं.

ते परधानांचं. परधान हे गोंडांचे भाट. यजमानाच्या दारी बाना या तीन तारांच्या वाद्यावर गोंडांच्या मुख्य देवाला, बडादेवाला जागवायचं, कुळाची वंशावळ गायची आणि धान्य-गुरांची बिदागी घेऊन परतायचं. बडादेवाचं ठाणं साजाच्या झाडात. तोच आपला ऐन.

नागपूर वसवणारा बख्त बुलंद हा देवगडचा गोंड राजाच, पण हे गाणं इथे कागदावर उतरलं ते इंग्रजांच्या काळात. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून गोंडांच्या आद्यपुरुषाची, लिंगोची कथा लिहून घेतली. 1863 मध्ये ते बुडून वारले; रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये त्यांची टिपणं छापली. कथेत गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो. वाटेत नदीला पूर, मगर पाठीवर घेऊन दगा देते, कासव मात्र पार नेतं. ती गुहा म्हणजे गोंदियातलं कचारगड, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते.

यजमानी आटत गेली, तसं गाणंही मागे पडलं. 1981 च्या सुमारास भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी पाठवलेल्या मंडळींना मध्य प्रदेशातल्या पाटणगढ गावात जनगढसिंह श्याम यांची भिंतचित्रं दिसली. जनगढ परधानच होते. गाण्यातले देव, झाडं, जनावरं त्यांनी कागदावर आणली आणि 1989 मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात पोचली.

त्याआधी होतं ते भिंतीवरचं डिगना. शेणामातीने सारवायचं आणि पांढरी छुई माती, पिवळी माती, गेरू, काजळी यांनी आकृत्या काढायच्या. थर जाड झाला की वाळताना तडकतो. मातीचे रंग कागदावर वापरायचे तर डिंक लागतो: कमी पडला तर रंग बोटाला येतो, जास्त झाला तर पापुद्रे सुटतात. ऑइल पेंटच्या भिंतीवर तर माती धरतच नाही, कारण अशी भिंत पाणी शोषत नाही.

आता बहुतेक काम ॲक्रिलिकचं. पेन्सिलीने बाह्यरेषा, मग सपाट रंग, तो पूर्ण वाळल्यावर बारीक निबने किंवा ब्रशने भरण, म्हणजे आकृतीच्या आतली नक्षी. इथे घाई नडते. ओल्या रंगावर शाई पसरते आणि ठिपक्यांचे डाग होतात. भरण हीच चित्रकाराची सही असते: कुणाचे ठिपके, कुणाच्या चंद्रकोरी, कुणाच्या आखूड तिरक्या रेषा. घेताना चित्र तिरपं धरून पाहावं. हाताने भरलेले ठिपके लहानमोठे असतात आणि रंगाचा किंचित उठाव जाणवतो. छापील प्रतीत सगळं सपाट.