कंपाउंड वाढवत बसलात तर कुत्रा उडी मारायलाच शिकतो

कुत्रा सारखा पळून जातो म्हटलं की घरात पहिला विचार येतो तो भिंतीचा. एक थर वाढवू, वर जाळी मारू. मग तो त्यावरूनही जातो, मग अजून एक थर, आणि शेवटी वैतागून गळ्यात साखळी. कुत्रा पळतो कशासाठी हे मात्र कुणी बघतच नाही, आणि मला अगदी मनापासून वाटतं की सुरुवात तिथूनच करायला पाहिजे.

1898 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रबंध आला. त्याने मांजरं आणि कुत्री लाकडी पेट्यांमधे बंद केली, बाहेर खाणं ठेवलं, आणि पेटीचं दार उघडायला आत दोरी, कडी नाहीतर पायाने दाबायची पट्टी अशी काहीतरी सोय ठेवली. प्राणी आधी वाट्टेल ते करायचा, ओरबाडायचा, फटीत तोंड घालायचा, आणि त्या धडपडीत कधीतरी चुकून दार उघडायचं. पुढच्या खेपेला जरा कमी वेळ, त्याच्या पुढच्या खेपेला अजून कमी, असं करत करत शेवटी पेटीत टाकलं की प्राणी सरळ कडीकडेच जायचा. ज्या कृतीतून फायदा होतो ती कृती पक्की होत जाते, असं त्याने यातून मांडलं. आपलं अंगण म्हणजे कुत्र्यासाठी अशीच एक मोठी पेटी, फक्त बाहेर खाण्याच्या जोडीला दुसरी कुत्री, मांजरं, कोंबड्या, कचराकुंडी आणि शेकडो वास.

पुढे बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवर भरपूर प्रयोग केले, 1957 साली त्याचं मोठं पुस्तक आलं. त्यातली एक गोष्ट कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. दरवेळी बक्षीस मिळत असेल आणि ते अचानक बंद झालं तर प्राणी त्यामानाने लवकर नाद सोडतो, पण कधी मिळतं कधी नाही असं असेल तर बंद केल्यावरही तो कितीतरी वेळ प्रयत्न करतच राहतो. म्हणजे आठवडाभर गेट नीट लावलं आणि रविवारी पाहुणे आले तेव्हा उघडं राहिलं, तर सवय मोडत तर नाहीच, उलट आणखी चिवट होते. थराथराने भिंत वाढवण्याचंही तेच. कुत्र्याला उंच उडी शिकवायची असेल तर ट्रेनर दांडी थोडी थोडीच वर नेतो, एकदम नाही. आपणही नकळत तेच करतो आणि मग म्हणतो की हा कुत्राच हट्टी आहे. उंची वाढवायचीच तर एकदाच आणि पुरेशी वाढवा, मोठ्या कुत्र्याला साधारण सहा फूट तरी, आणि भिंतीलगतची पाण्याची टाकी, लाकडांचा ढीग, जुनी खुर्ची असं पाय ठेवायला मिळेल ते सगळं हलवा. कोकणातल्या दगडी गडग्याला तर पायऱ्यांसारख्या खोबणीच असतात, तिथे आतल्या बाजूने गुळगुळीत पत्रा लावलेला बरा. आणि जो उकरून जातो त्याच्यासाठी उंचीचा काहीच उपयोग नाही, त्याला कुंपणाच्या बुडाशी जाळी आतल्या बाजूला काटकोनात वळवून मातीखाली पुरायची, तो कुंपणाला चिकटून उकरतो आणि पंजा जाळीवरच लागतो.

आता कशासाठी पळतो याकडे या. खिडकीत मोबाईल ठेवून तुम्ही घरात नसतानाचा व्हिडिओ घ्या, अर्धं कोडं तिथेच सुटतं. तुम्ही गेल्यावर लगेच येरझारा, लाळ, रडणं, दाराला ओरखडे असं दिसलं तर ती एकटेपणाची भीती आहे, त्याला बाहेर काही नकोय, त्याला तुम्ही हवे आहात. तासभर झोपून मग उठून वास घेत घेत निघाला तर बहुतेक कंटाळा. फटाक्यांच्या वेळीच पळत असेल तर घाबरून पळतोय. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारच्या आसपास, आणि आपल्याला नुसता लांबचा वाटणारा आवाजही त्याला नीट ऐकू जातो. अशा कुत्र्याला दिवाळीत अंगणात ठेवूच नका, आतल्या खोलीत ठेवा, आणि खूपच थरथरत असेल तर डॉक्टरांशी सण यायच्या आधीच बोला.

आणि भाद्रपद. आपल्याकडे कुत्र्यांचा भाद्रपद सगळ्यांना माहीत आहे, आपल्या देशी कुत्र्यांचा विणीचा काळ खरंच पावसाळ्याच्या शेवटाकडे असतो. माजावर आलेल्या कुत्रीचा वास नराला खूप लांबून लागतो आणि त्यावेळी तो जेवणसुद्धा सोडतो. 1976 साली कॅलिफोर्नियात 42 प्रौढ नरांच्या नसबंदीचा, म्हणजे वृषण काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, अभ्यास झाला होता, त्यात भटकणं जवळपास 90 टक्के कुत्र्यांमधे कमी झालेलं दिसलं. पण भीतीने किंवा कंटाळ्याने पळणाऱ्याला याने फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि कुठल्या वयात करायची ते जातीप्रमाणे बदलतं म्हणून डॉक्टरांनाच विचारा.

कारवानी, मुधोळ असली शिकारी कुत्री ही वेगळीच गोष्ट. पिढ्यानपिढ्या सशामागे पळण्यासाठी निवडून वाढवलेलं जनावर, त्याला समोर काही हललेलं दिसलं की पाय आपोआप सुटतात. गेटमधून रस्ता दिसतच नसेल तर ते ओढ घेणं बरंच कमी होतं, म्हणून गेटला आतून पत्रा लावा. रोज त्याला लांब दोरीवर मोकळं पळू द्या, बाकीच्यांनाही सकाळी घाईघाईत शू करून आणण्यापेक्षा अर्धा तास हवं तिथे थांबून हुंगू द्या, जेवण ताटलीत देण्याऐवजी गवतात पसरून शोधायला लावा. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी कोट्यवधींच्या संख्येत आहेत, त्या नाकाला काम मिळालं की तो खरंच दमतो.

साखळी हा उपाय नाही. साखळीसकट भिंतीवरून उडी मारली तर कुत्रा पलीकडे लटकून गुदमरतो. अंगणाची हद्द ओलांडली की शॉक देणारा पट्टाही नको, वेल्समधे त्यावर 2010 पासून बंदी आहे. मांजरामागे सुटलेला कुत्रा त्या झटक्यातून जातो, पण परत येताना घाबरून बाहेरच थांबतो. परत आल्यावर मारणं तर सगळ्यात वाईट, कारण तो पळाला दोन तासांपूर्वी आणि मार मिळाला घरी आल्यावर, त्याच्या दृष्टीने शिक्षा घरी येण्याची झाली. पुढच्या वेळी हाक मारली तर तो येणारच नाही. आला की शांतपणे आत घ्या, खायला द्या. रेबीजची लस चुकवू नका, पट्ट्यावर फोन नंबर लिहा, जमलं तर मायक्रोचिप बसवा, 15 आकडी नंबर असतो आणि पट्टा पडला तरी तो राहतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सगळे रस्ते नीट बंद केल्यावर पहिले काही दिवस कुत्रा पूर्वीपेक्षा जास्त धडपडतो, भुंकतो, नवीन जागी उकरतो. नेहमीचं बक्षीस बंद झालं की प्राणी आधी जोर वाढवतो, हे प्रयोगशाळेतही दिसतं. नेमक्या याच दिवसांत लोकांना वाटतं की काही उपयोग नाही आणि गेटकडे ढिलाई होते. तेवढे दिवस गेटला कुलूप ठेवा, चावी एकाच माणसाकडे द्या, आणि दूधवाल्याला, कामवाल्या मावशींना, शाळेतून येणाऱ्या पोरांना सगळ्यांना सांगून ठेवा.