अंगणातलं तण : आपल्याकडं बर्फ नाही, मे महिना आहे

नमस्कार मंडळी, झाडं आमच्याकडनं नेता तर तणाचं पण आम्हालाच विचारता, ते बरोबरच आहे, म्हणून हे पान छापलंय. कुंडीबरोबर घरी न्या, पुड्या बांधायला वापरू नका.

बरेच जण मोबाईलवर थंड देशातले बागकामाचे व्हिडिओ बघून येतात. तिकडं हिवाळ्यात जमीन गोठते, तण पण गपगार पडतं, बर्फ वितळल्यावर एकदा जोर लावून काम केलं की बरंच निभावतं. आपल्याला तसली सुट्टीच नाही. सोलापुरात जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला स्वेटर घालतो तेवढीच आपली थंडी, अन् तेव्हाही बागेला पाणी चालूच, मग तण कशाला थांबतंय! आणि थंडीनं सगळं मरतं हेही खरं नाही हं. इंग्लंडात जपानी नॉटवीड म्हणून एक झाड आहे, 1850 च्या सुमारास शोभेसाठी तिथं पोचलेलं, थंडीत वरनं पार वाळतं पण जमिनीतलं खोड जिवंत, छोटा तुकडा राहिला तरी परत फुटतं. 1981 च्या कायद्यानं ते रानात लावणं तिथं गुन्हा आहे.

आपला लव्हाळा त्याच स्वभावाचा. उपटला की हातात नुसती पात येते, गाठ खालीच, तिला धागा, धाग्याला दुसरी गाठ, अशी माळच असते, आणि वरचं तोडलं की खालच्या गाठी उलट जोरात फुटतात. खुरप्यानं भागत नाही. कुदळीनं वीतभर खणा, ढेकळं हातानं फोडा अन् ज्वारी निवडतो तशा गाठी निवडून काढा. एक मोडून वास घ्या, उटण्याचा वास येईल, तोच नागरमोथा. गाठी कंपोस्टात टाकू नका, गच्चीवर उन्हात पसरून खडखडीत वाळू द्या. दोन वर्षांमागं आम्हीच एका शेतातनं माती आणली, नीट बघितली नाही, आणि तुळशीच्या कुंड्यांतनं लव्हाळा घरोघरी पोचवला. जुळे सोलापूरच्या एक काकू कुंडीच उचलून घेऊन आल्या, "हे फुकट दिलंय का?" म्हणून. आता माती चाळल्याशिवाय भरत नाही.

बर्फाचं काम आपल्याकडं ऊन करतं. वाफा मोकळा असेल तर एप्रिल-मे मध्ये माती सपाट करा, पाणी देऊन ओली करा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. काळं नको, पारदर्शकच, त्यातनं ऊन आत जातं अन् माती जास्त तापते. वरच्या थरातलं बरंचसं बी मरतं, खोल गाठी मात्र वाचतात, म्हणून आधी खणणं आलंच. पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे माहितीय, पण इथं एकदाच लागतं.

गाजर गवताचं गणित वेगळं. त्याला गाठी-बिठी काही नाही, सगळा खेळ बियांचा, एका झाडाला हजारोंनी बी येतं. पांढरी टोपीसारखी फुलं दिसायच्या आत, पाऊस पडून माती मऊ असताना मुळासकट उपटा, फूल आल्यावर उपटून कोपऱ्यात ढीग घातला तर पुढच्या वर्षाची पेरणीच केली म्हणायची. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते, कुणाला दमा पण होतो. पानांवर पिवळट पंखावर काळ्या रेघांचा किडा दिसला तर मारू नका, तो मेक्सिकन भुंगा, मुद्दाम हेच गवत खायला 1983 ला भारतात आणलेला.

व्हिडिओतलं मीठ अन् व्हिनेगर कृपया नको. व्हिनेगर नुसती पानं जाळतं, आणि मीठ आपल्या काळ्या मातीत जाऊन बसलं की तण राहू द्या, मोगरा पण जायचा. त्यापेक्षा झाडांच्या बुडाशी उसाचं पाचट तीन-चार इंच पसरा, सोलापुरात त्याला काय तोटा! (कडबा नको हो, तो जनावरांच्या तोंडचा घास.) खोडाला चिकटवू नका फक्त. शेणखत पण पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्यात तणाचं बी जसंच्या तसं असतं.

रंगीत घाणेरी कुंपणाला मागतात लोकं, आम्ही ठेवत नाही, पक्षी फळं खाऊन बी कुठंही टाकतात. जलपर्णीचं पण तेच, टाकीतली नको झाली तर तलावात सोडू नका, उन्हात वाळवा. घोळ उगवली असेल, अन् औषध मारलेलं नसेल, तर मात्र भाजी करा, डाळ घालून मस्त लागते.

कुठलं तण आहे कळत नसेल तर मुळासकट पिशवीत घालून दुकानात आणा, बघून सांगायचे पैसे नाहीत. आमची माणसं घरी येऊन पण काढून देतात, गाजर गवत एका फेरीत होतं, लव्हाळ्याला मात्र तीन-चार फेऱ्या धरा आणि गॅरंटी मागू नका.