नगरची मराठी मंडळी: मिशनचे काम आणि मंडळीचा संसार

११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकी मिशनरी मुंबईत उतरले आणि कंपनी सरकारने त्यांना परत धाडायचे ठरवले. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होते. शिवाय मिशनऱ्यांमुळे रयत बिथरेल, ही कंपनीची जुनी धास्ती होतीच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे दोघांनी अर्जविनंत्या चालू ठेवल्या. त्याच वर्षी कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली, तिने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली आणि हे दोघे राहिले. पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखल्या गेलेल्या कामाची सुरुवात अशी झाली.

मराठी मुलखाला ख्रिस्ती धर्म तेव्हा नवा नव्हता. वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक समाज होता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते. तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरींनी १८११ मध्ये मराठी ‘नवा करार’ छापला होता. स्कॉटिश मिशनही लवकरच कोकणात आणि मग मुंबई-पुण्यात आले. पण देशावरच्या खेड्यांतली, शेतमजुरांची आणि बलुतेदारांची प्रॉटेस्टंट मंडळी, म्हणजे चर्च, कशी उभी राहिली हे पाहायचे, तर नगर जिल्ह्यातच जावे लागते.

मुंबईतली पहिली वर्षे फार कठीण गेली. शाळा निघाल्या, १८१७ च्या सुमारास छापखाना सुरू झाला, पण बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतकेच. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबक भागाच्या फेरीवर असताना पटकीने गेले. त्या फेरीत ते पटकीच्याच रोग्यांना औषध देत होते. छापखान्याने मात्र कुणाच्या कल्पनेत नव्हते असे काम केले. गणपत कृष्णाजी इथेच छपाई शिकले आणि त्यांनी पुढे मराठी पंचांग छापले. निर्णयसागरचे जावजी दादाजी यांनीही लहानपणी याच छापखान्यात उमेदवारी केली. धर्मप्रसारासाठी आणलेल्या यंत्रातून मराठी मुद्रणाची एक अख्खी पिढी तयार झाली.

१८३१ च्या अखेरीस मिशनने अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणे उघडले. कोरडी हवा, लष्करी छावणी आणि भोवती शेकडो खेडी, अशी ही जागा होती. पहिल्या तुकडीतले विल्यम हर्वी वर्षभरात पटकीनेच गेले. १८३३ मध्ये नगरला पहिली मंडळी स्थापन झाली. आरंभीच्या सभासदांत ब्राह्मण होते आणि गोरगरीबही होते, पण संख्या लहानच होती.

इथे दोन प्रवाह वेगळे ओळखावे लागतात. एक शहरातल्या, बहुतेक ब्राह्मण, शिकलेल्या माणसांचा. हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ही त्यातली ठळक नावे. घर सुटले, नातलगांनी सुतक धरले, पण लेखन, वादविवाद, अध्यापन यांतून या माणसांनी मंडळीला बौद्धिक कणा दिला. दुसरा प्रवाह खेड्यांतल्या महारवाड्यांचा आणि मांगवाड्यांचा. पुढे मंडळी वाढली ती याच प्रवाहाने. महार समाजात कबीरपंथ आणि नाथपंथाचे गुरू होते. निर्गुण देवाची भजने, मूर्तिपूजेवरची टीका, जातीविरुद्धचा सूर हे त्यांना परके नव्हते. अशा गुरूंनी नवा मार्ग धरला की त्यांचे शिष्य आणि सोयरेही मागोमाग विचारपूस करू लागत. म्हणून नगर जिल्ह्यात मंडळी एकेकट्या माणसाने वाढली नाही, ती नात्यागोत्यातून पसरत गेली. मिशनचे अहवाल वाचताना ही बाब नजरेतून निसटते, कारण त्यांत साहेबाची फेरी ठळक असते आणि रात्री महारवाड्यात झालेली चर्चा एका ओळीत आटोपलेली असते.

खेड्यात ख्रिस्ती होण्याची किंमत रोजच्या व्यवहारात मोजावी लागे. महारकीची कामे आणि त्यांच्या मोबदल्यात मिळणारे बलुते गावगाड्याला घट्ट बांधलेले होते. देवळाच्या उत्सवातली ठरलेली सेवा करणार नाही किंवा मेलेले ढोर ओढणार नाही असे कुणी म्हटले, की बलुते थांबे, कधी मारहाणही होई. आतली अडचणही सोपी नव्हती. प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, एकाच पंगतीत, एकाच प्याल्यातून घ्यायचे, आणि बसणारे कोण, तर ब्राह्मण, कुणबी, महार, मांग. मिशनने जातिभेद मंडळीत चालणार नाही असे ठाम धरले होते, पण महार आणि मांग यांच्यातला दुरावा, लग्ने जुळवतानाचे जुने हिशेब बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात धुतले गेले नाहीत. ते पुढेही कितीतरी वर्षे मंडळीत उरले. हे लपवण्यात काही अर्थ नाही. तरीही त्या काळात एका छपराखाली असे एकत्र बसणारे दुसरे ठिकाण गावात नव्हते, हेही तितकेच खरे.

मंडळीचे घर बहुतेक गावांत शाळाच होते. मिशनचा मास्तर आठवडाभर मुलांना मुळाक्षरे शिकवी, रविवारी तोच उपासना चालवी, आजाऱ्याजवळ प्रार्थनेला बसे, सरकारी कागद वाचून दाखवी. मास्तरीणबाई बायकांना अक्षरओळख करून देत. बायबलबाया घरोघर जात, ओसरीवर बसून शुभवर्तमान वाचत. त्यांची नावे फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली आहेत, याची मला खंत वाटते.

मुलींच्या शिक्षणात नगरचे नाव सिंथिया फॅरार यांच्यामुळे झाले. त्या १८२७ मध्ये अविवाहित शिक्षिका म्हणून मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादनाखाली १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये याच पत्रात दोन भागांत छापून आला. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, मुक्ताने तर धर्म म्हणून आपल्याला कोणता आहे हाच प्रश्न विचारला. पण तिच्या निबंधाला जागा देणारे पत्र नगरच्या मिशनने काढलेले होते, हे मंडळीने आणि बाहेरच्यांनीही लक्षात ठेवावे.

१८५४-५५ मध्ये मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. त्यांचे म्हणणे असे की मिशन कायम राहण्यासाठी नसते. गावोगाव लहान मंडळ्या व्हाव्यात, त्यांना आपल्यातला पाळक, म्हणजे धर्मगुरू, असावा, त्याचा खर्च त्यांनी उचलावा आणि प्रसारही त्यांनीच करावा. याच सुमारास खिस्ती आणि मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. या धोरणाची एक बाजू मला फार दूरदृष्टीची वाटते. दुसरी बाजू मात्र नुकसानीची ठरली. इंग्रजी शाळा म्हणजे मिशनच्या पैशाचा अपव्यय असे मानून नगरची इंग्रजी शाळा बंद केली गेली. शिकलेल्या तरुणांची वाट त्यामुळे अडली आणि ती चूक सुधारायला पुढची वर्षे लागली.

स्वावलंबनाचा प्रश्न तर पिढ्यान् पिढ्या पुरला. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, तो पाळकाला काय देणार? तरी लोक देत. सुगीला धान्य, कुणी मजुरीचा दशांश, बायका स्वयंपाकाआधी बाजूला काढलेले मूठभर पीठ किंवा तांदूळ. वर्षातून एकदा सगळ्या मंडळ्यांचे ‘ऐक्य’ भरे, हिशेब वाचले जात, वाद होत, सोयरिकीही जुळत. मिशनरी बोलत आणि पाळकही बोलत, पण पैशाची थैली अमेरिकेतून येई तोवर शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होते.

१८७६-७८ चा आणि नंतर १८९६ पासून १९०० पर्यंतचे दुष्काळ यांनी सारेच बदलले. अनाथ मुले शेकड्यांनी मिशनच्या आवारात आली, बाप्तिस्म्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि ‘भाकरीसाठी ख्रिस्ती’ हा आरोप चिकटला. भुकेने दारात आलेल्या माणसाचा हेतू तपासत बसणे मला जमत नाही. पण मिशनरींपैकी काहींनाही हा धोका दिसत होता आणि घाईने बाप्तिस्मा देऊ नये यावर त्यांच्यात वाद झाले. मुंबईतच जन्मलेल्या रॉबर्ट ह्यूम यांचे दुष्काळातले काम मोठे. नगरची ईश्वरविज्ञान शाळा त्यांनी १८७८ पासून उभी केली आणि पाळकांच्या अनेक पिढ्या तिथून बाहेर पडल्या. अनाथ मुलांना हातात कसब असावे म्हणून सुतारकाम, विणकाम शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. नगरच्या सुधारित हातमागामागे डी. सी. चर्चिल या मिशनरीची खटपट होती.

आता गाण्याविषयी, कारण मंडळीचा जीव तिथे आहे. सुरुवातीची गीते म्हणजे इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे, तीही विलायती चालींत. बॅलंटाइन यांनी ती मेहनतीने केली, पण खेड्यातल्या माणसाला त्या चाली पेलेनात. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाची रीत ख्रिस्ती आख्यानांसाठी वापरली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंगाची साथ, आख्यान मात्र बायबलमधले. महारवाड्याबाहेरचे लोकही ऐकायला येऊन बसत. प्रवचन ऐकायला ते आले नसते.

या वाटेवर नारायण वामन टिळक आले. जन्म १८६१, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. पुढे ते नगरला येऊन राहिले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांनी आणि भजनांनी ‘उपासना संगीत’ हे मंडळीचे गीतपुस्तक भरून गेले, आणि विदर्भापासून कोकणापर्यंतच्या मराठी मंडळ्यांत आजही रविवारी तीच गीते निघतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे दुरावा सोसून १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात नगर आणि राहुरीच्या मिशन आवारातला संसार, प्लेग, अनाथ मुले आणि साहेब लोकांशी वागण्यातला मानी अवघडपणा जसा आला आहे, तसा कुठल्याही अहवालात नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र, मिशनच्या पगाराबाहेर. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण परकी थैली आणि आपली श्रद्धा यांच्यातली गाठ एका मराठी माणसाने स्वतःहून सोडवून पाहिली, ही त्या मंडळीच्या इतिहासातली मोठी घटना आहे.

पुढचे टप्पे भराभर आले. १९२४ मध्ये या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत गेल्या. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. या वेळी पुढाकार मंडळीतल्या माणसाचा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या गेल्या. महारवाड्यातून आलेल्या कुटुंबांवर त्याचा घाव थेट बसला, कारण गावाने त्यांची जात विसरलेली नव्हती. त्याच दशकात शेजारची भावकी बौद्ध झाली. १९९० नंतर बौद्धांना सवलती मिळाल्या, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. एकाच आडनावाच्या दोन घरांत आज हा फरक आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. प्रत्येक गावची मंडळी स्वतःपुरती स्वतंत्र मानणाऱ्या नगरकरांना आता बिशप आणि धर्मप्रांत आला. काहींना एकीचा आनंद झाला, काहींना आपला जुना अधिकार गेल्याचे वाटले. मिशनचे दवाखाने, शाळा आणि जमिनी ट्रस्टांकडे आल्या. तरुण माणसे पुणे-पिंपरीकडे गेली, आणि अनेक खेड्यांत एका पाळकाकडे तीन-चार मंडळ्या आहेत. त्या मंडळ्यांच्या कपाटांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी आहेत. ज्या मास्तरांची आणि बायबलबायांची नावे अहवालांत आली नाहीत, ती मिळालीच तर त्या वह्यांतच मिळतील. त्यांच्या छायाप्रती काढण्याचे काम महिला मंडळे आणि तरुण संघ आपापल्या गावी करू शकतात.