नदीने कूस बदलली की

हिमालयातून उतरणाऱ्या नदीला सपाटी लागली की तिचा जोर ओसरतो आणि वरून वाहून आणलेले दगडगोटे ती तिथेच टाकून देते. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी अशा गोट्यांचा पट्टाच तयार झाला आहे, साधारण 8 ते 16 किलोमीटर रुंदीचा. त्याला भाबर म्हणतात. इथले लहान ओढे पावसाळा सरला की चक्क गायब होतात, कारण पाणी गोट्यांच्या फटींतून जमिनीखाली उतरते. पुढे माती बारीक होते, तेव्हा तेच पाणी झरे आणि दलदल होऊन पुन्हा वर येते. ही तराई. उत्तर प्रदेशातले दुधवा, नेपाळमधले शुक्लाफांटा, बर्दिया आणि चितवन ही राखीव जंगले याच ओल्या पट्ट्यातली.

या जंगलांत जाणारे वाघ शोधत फिरतात. मला विचाराल तर आधी गवत पाहावे. काही जाती चार-पाच मीटर वाढतात, हत्तीसुद्धा त्यात दिसेनासा होतो. पूर ओसरून नदीपात्रात नवी वाळू उघडी पडली, की तिच्यावर पहिला हक्क सांगतो तो कांस, म्हणजे संस्कृत काव्यांत शरदाबरोबर फुलणारा काश. मुंजही इथलीच, आपल्याकडच्या मुंजीला जिच्या मेखलेवरून नाव मिळाले ती. गवताने गाळ धरून ठेवला की खैर आणि शिसम येतात. दोन्ही शेंगवर्गातली झाडे, मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन वापरणारी, म्हणून नापीक वाळूतही तगतात. सालवृक्ष मात्र पुराचे पाणी न पोहोचणाऱ्या जुन्या, उंच जमिनीवर.

म्हणजे नदीने हात लावला नाही आणि माणूस नुसते रक्षण करत बसला, तर गवताळ माळाचे हळूहळू रान होते. माळ टिकतो तो नदीच्या धसमुसळेपणामुळे. दर काही वर्षांनी ती पात्र बदलते, उभे जंगल कापून नेते आणि दुसरीकडे कोरी वाळू पसरते. कांस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. गवतावर चितळ, पाडा नावाचे ठेंगणे हरीण आणि बारशिंगा जगतात, आणि त्यांच्यावर वाघ. तराईतल्या बारशिंग्याचे खूर चिखलात रुतू नयेत असे फाकलेले असतात; मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या कठीण जमिनीवरच्या त्याच्या भाईबंदांचे तसे नसतात. शुक्लाफांट्याच्या माळांवर दोन हजारांहून अधिक बारशिंगे आहेत. जिथे नदी हे काम करत नाही तिथे माणूस करतो: गवत कापतो, जाळतो, झाडांची रोपे उपटतो. छपरासाठी गवत नेणाऱ्या गावकऱ्यांना चितवनमध्ये वर्षातून काही दिवस मुद्दाम आत सोडतात.

पण नदीचा हा स्वभाव कधी कधी अंगाशीही येतो. कर्णाली नदी नेपाळमध्ये चिसापानीजवळ डोंगरातून बाहेर पडते आणि दुभंगते. पूर्वेची गेरुवा बर्दियाच्या कडेने वाहते, पश्चिमेची कौडियाला. पूर्वी बहुतेक पाणी गेरुवेत असे. गेल्या दीड दशकात पारडे उलटले आणि मुख्य प्रवाह कौडियालात गेला. यात कुणाची चूक नाही, नद्या असेच करतात.

गेरुवा भारतात येते तेव्हा तिचे नाव गिरवा होते आणि ती कतर्नियाघाट अभयारण्यातून जाते. तिथे घडियाल आहेत, लांब चिंचोळ्या जबड्याच्या, मासे खाणाऱ्या मगरी. मादी मार्च-एप्रिलमध्ये काठच्या मोकळ्या, उन्हात तापणाऱ्या वाळूत हातभर खड्डा करून अंडी घालते. पाणी घटल्यावर पुराने वाळूचे दांडे धुऊन जाईनात. त्यांच्यावर गवत आले, मग झुडपे. घडियालाच्या मादीला तिथे खड्डा करता येईना. घटना तीच, वाळूवर गवत उगवण्याची. बारशिंग्याला ती पर्वणी, घडियालाला हद्दपारी.

मग वनखात्याच्या माणसांनी आणि स्वयंसेवकांनी विणीच्या हंगामाआधी दांड्यांवरची झुडपे कापली, वाळूचे नवे ढीग रचले. माद्या त्या ढिगांवर आल्या आणि त्यांनी तिथे घरटी केली. पुढच्या वर्षी झुडपे पुन्हा फुटतात.