अवरक्त दुर्बिणीला दिसलेल्या आणि निसटलेल्या दीर्घिका

काही दीर्घिकांमध्ये तारे धडाक्याने जन्माला येत असतात, पण त्यांचा बहुतेक प्रकाश भोवतालची धूळ शोषून घेते. तापलेली धूळ तीच ऊर्जा अवरक्त किरणांतून बाहेर टाकते. १९८३मध्ये ‘आयरास’ उपग्रहाने जवळपास सगळं आकाश या किरणांत पाहिलं, तेव्हा एक लाख कोटी सूर्यांहून तेजस्वी अशा दीर्घिका समोर आल्या.

१९९१मध्ये आयरासच्याच यादीतल्या एफ१०२१४+४७२४ या अंधुक नोंदीने खळबळ उडवली. अंतर कळल्यावर तिचं तेज सुमारे तीनशे लाख कोटी सूर्यांएवढं भरलं. विश्वातली सर्वांत तेजस्वी वस्तू सापडली, असं तेव्हा वाटलं! पुढे लक्षात आलं, की वाटेतल्या एका दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं काम करून तिचा प्रकाश कित्येक पटींनी वाढवत होतं. हा निव्वळ योगायोग नव्हता. अतितेजस्वी दीर्घिका फार विरळ, साध्या दीर्घिका विपुल. त्या विपुलांतल्या मोजक्यांना भिंग मिळालं तरी झगझगीत स्रोतांच्या यादीत त्यांचीच गर्दी होते. हर्शेल या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीच्या संशोधकांनी २०१०मध्ये याचाच फायदा उठवला: ५०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला अतिठळक दिसणाऱ्या स्रोतांतून जवळच्या दीर्घिका आणि ब्लेझार (कृष्णविवरातून निघालेला झोत आपल्याकडे रोखलेल्या दीर्घिका) वगळले, आणि उरलेल्यांत भिंगामुळे उजळलेल्या दूरच्या दीर्घिका हाती लागल्या.

यादीत कोण येतं याबाबत मला अधिक गंभीर वाटतो तो धुळीच्या तापमानाचा प्रश्न. हवाईतल्या मौना केआवरच्या दुर्बिणीला जोडलेल्या ‘स्कुबा’ या कॅमेऱ्याने १९९७पासून ८५० मायक्रॉनवर शोध घेतला. दोन दीर्घिका सारख्याच तेजस्वी आणि सारख्याच दूर, पण एकीची धूळ ३० केल्विन (उणे २४३ अंश सेल्सिअस), दुसरीची ६० केल्विन असेल, तर ८५० मायक्रॉनला दुसरी कित्येक पटींनी फिकी दिसते. तिची बरीचशी ऊर्जा आखूड तरंगलांबीला बाहेर पडते. म्हणजे थंड धुळीच्या दीर्घिका यादीत येतात, गरम धुळीच्या निसटतात. आणि त्या यादीवरून ‘अशा दीर्घिकांची धूळ थंड असते’ असा निष्कर्ष काढला, तर तो आपल्याच चाळणीचा गुण ठरतो.

त्यात स्कुबाची नजर ढोबळ. नेमकी जागा ठरवायला रेडिओ दुर्बिणींची मदत घ्यावी लागे, आणि फार दूरच्या दीर्घिका रेडिओत मंद, म्हणून अंतरं मोजताना त्याच मागे राहिल्या. पुढे चिलीतल्या ‘अल्मा’ या दुर्बिणींच्या समूहाने बारकाईने पाहिलं, तेव्हा आधी एकच वाटलेले कित्येक स्रोत प्रत्यक्षात दोन-तीन दीर्घिकांचे निघाले.