पार्श्वभूमी: सामोआची चटई, अंथरायची नव्हे तर द्यायची

१ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांच्या अंगावर एक मोठी चटई पांघरण्यात आली. १९७०च्या दशकात पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांच्या घरांवर भल्या पहाटे धाडी पडल्या होत्या, त्याबद्दल त्या माफी मागत होत्या. पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटांच्या देशात या प्रथेला 'इफोगा' म्हणतात. अपराध करणाऱ्याने चटई पांघरून बसायचं. समोरच्याने ती उचलली, की माफी मिळाली.

ही चटई म्हणजे 'इए तोगा', हल्ली 'इए सामोआ'. बसा-झोपायच्या चटया वेगळ्या आणि जाड असतात. ही मात्र लग्नात, मयताच्या घरी, कुळाचा प्रमुख नेमताना मांडायची आणि द्यायची. जितकी जुनी आणि जितक्या घराण्यांतून फिरलेली, तितका तिचा मान मोठा.

विणतात बायका, आणि शिकणं पानापासून सुरू होतं. झाड आपल्या केवड्याच्याच कुळातलं, त्यामुळे आधी पानाच्या कडेचे काटे काढायचे. मग पानं उकळायची, वरचा पापुद्रा खालच्यापासून अलगद सोडवायचा, समुद्राच्या पाण्यात भिजवून उन्हात पांढरा करायचा आणि त्याच्या अगदी बारीक पट्ट्या चिरायच्या. विणकाम त्यानंतर. एका चटईला कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. हाताला ती रेशमासारखी लागते. कडेला लाल पिसं. पूर्वी ती फिजीच्या पोपटांची असत, आता बहुधा रंगवलेली कोंबडीची.

१९२०च्या दशकात, सामोआ न्यूझीलंडच्या ताब्यात असताना, तिथले प्रशासक जॉर्ज रिचर्डसन यांना ही देवघेव म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटली आणि त्यांनी तिच्यावर बंदी घातली. त्यांच्या राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'माऊ' चळवळीला जी खतपाणी घालणारी कारणं मिळाली, त्यांत हेही एक होतं.

बंदीने प्रथा मोडली नाही. चटईचा दर्जा घसरला तो पुढे, आणि माझ्या मते देणाऱ्यांच्याच हौसेने. समारंभात किती चटया आल्या हे मोजलं जाऊ लागलं. मग पट्ट्या रुंद झाल्या, वीण सैल झाली, आकार वाढत गेला. जिचं विणकाम वर्षभर चालायचं ती चटई थोड्या दिवसांत होऊ लागली, आणि बारीक वीण जाणणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ओफा आणि वॅल या चक्रीवादळांनी शेतीचं कंबरडं मोडलं. त्या काळात उभ्या राहिलेल्या 'विमेन इन बिझनेस डेव्हलपमेंट' या संस्थेने जुनी बारीक वीण पुन्हा शिकवायला घेतली. युनेस्कोने २०१९ मध्ये ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, पण खरी अडचण पोटाची होती: वर्षभर एकच चटई विणत बसणारीने तोवर खायचं काय? यावर संस्थेने काढलेला तोडगा साधा होता. चटई हवी असणाऱ्याने विणकरणीला काम चालू असतानाच हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे.