टर्बोचार्जरची ऑइल लाइन

मोटारीच्या टर्बोचार्जरला, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राला, इंजिन ऑइल पोहोचवणारी आणि ते परत इंजिनात नेणारी नळ्यांची जोडी. पहिलीला फीड लाइन म्हणतात, दुसरीला ड्रेन किंवा रिटर्न लाइन.

टर्बोच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या धगीत फिरणारे टर्बाइन असते, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे कॉम्प्रेसरचे चाक. दोघांना जोडणारा करंगळीहून बारीक दांडा मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेतो. बहुतेक टर्बोंत हा दांडा बुशमध्ये, म्हणजे धातूच्या गुळगुळीत कड्यात, बसवलेला असतो, पण फिरतो तो तेलाच्या पापुद्र्यावर. तेल थांबले की काही सेकंदांत धातूला धातू घासू लागतो.

फीड लाइन इंजिनाच्या मुख्य ऑइल गॅलरीतून, म्हणजे फिल्टरमधून गाळून आलेले तेल इंजिनभर नेणाऱ्या वाटेतून घेतात. बाहेरून टर्बो बसवताना ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून तेल काढणे सोयीचे पडते. बुशच्या टर्बोला साधारण ६ मिमी आतल्या व्यासाची नळी पुरते. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल कमी लागते, त्यामुळे त्याच्या तोंडाशी तेलाची वाट अरुंद करणारा, सुमारे १ मिमी छिद्राचा रिस्ट्रिक्टर घालतात. नळी जिथे पोकळ बॅन्जो बोल्टने जोडतात, तिथे जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसर हवेत. इथे सिलिकॉन सीलंट किंवा टेफ्लॉन टेप वापरू नये, कारण त्याचा सुटलेला कण थेट बेअरिंगच्या बारीक वाटेत अडकतो.

ड्रेन लाइन दिसायला साधी, पण निम्मी दुखणी तिच्यातूनच उपजतात. फीडमध्ये पंपाचा दाब असतो, ड्रेनमध्ये काहीच नसतो. फेसाळलेले तेल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. म्हणून ही नळी फीडपेक्षा बरीच जाड, निदान अर्धा इंच आतल्या व्यासाची असते. टर्बोचे ड्रेनचे तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देत नाहीत. नळी सतत उताराची हवी. मध्ये झोळ पडला की तिथे तेल साचते. खालचे टोक चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडतात. टर्बो चेंबरपेक्षा खाली असेल, तर तेल ओढायला वेगळा स्कॅव्हेंज पंप लावावा लागतो.

टर्बोच्या दांड्यावरचे सील रबरी नसतात. त्या पिस्टनसारख्या धातूच्या रिंगा असतात, आणि तुंबलेले तेल त्यांना अडवता येत नाही. मग निळा धूर निघतो, ‘टर्बो ऑइल फेकतो’ असे निदान होते आणि टर्बो बदलला जातो. नवाही तेल फेकू लागला की लक्ष ड्रेनकडे जाते. ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबून किंवा पिस्टन रिंगा झिजून क्रॅंककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब वाढला, तरी तेल असेच अडते. हे आधी तपासले तर बराच खर्च वाचतो.

जोडणी झाल्यावर गाडी लगेच सुरू करत नाहीत. टर्बोच्या तोंडात थोडे स्वच्छ तेल ओततात, चाक हाताने फिरवतात, इंधन बंद ठेवून सेल्फ मारतात आणि ड्रेनमधून तेल येताना दिसल्यावरच इंजिन चालू करतात. लांब चढण चढून आल्यावर इंजिन एकदम बंद केले, तर तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. तो फीड लाइनच्या आतही धरतो आणि बाहेरून दिसत नाही, म्हणून टर्बो बदलताना जुनी फीड लाइन धुऊन लावण्यापेक्षा नवीच घालतात.